दुर्बिणीतून लिव्हरची शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आधी थिएटर सिस्टर होते. आता त्याच विभागात ऑपरेशनआधी आणि नंतर रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम आहे. खालचे प्रश्न मला जवळपास रोज ऐकू येतात. बहुतेक जण येताना एकच गोष्ट धरून येतात: "दुर्बिणीतून होणार ना?" तो प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. लिव्हरच्या बाबतीत भोकं पाडली की पोट उघडलं यापेक्षा जास्त फरक कशाने पडतो, तर गाठ कुठे आहे, उरलेलं लिव्हर कसं आहे आणि समोरच्या टीमचा नेमक्या त्याच ऑपरेशनवर किती हात बसला आहे याने.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे लेझरचं का?

नाही. लेझरचा यात संबंध नाही. पोटावर पाच-सहा लहान छेद घेतात, पाच ते बारा मिलिमीटरचे. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात, एका छेदातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून हत्यारं आत जातात. आत जे कापायचं ते तेवढंच कापलं जातं. बाहेरची जखम लहान, म्हणून आतलं ऑपरेशनही लहान, असं समजू नका.

एवढ्याशा भोकातून एवढी गाठ बाहेर कशी येते?

एका आजोबांनी मला हे विचारलं होतं, दोन्ही हातांनी नारळाएवढा आकार दाखवून. भोकातून येत नाहीच. कापलेला भाग आतल्या आत प्लास्टिकच्या मजबूत पिशवीत भरतात, पिशवीचं तोंड आवळतात आणि बहुधा ओटीपोटावर, सिझेरियनला घेतात तसा आडवा छेद घेऊन ती अख्खी बाहेर काढतात. ओटीपोटावर का, तर तिथल्या छेदात स्नायू कापावे लागत नाहीत. तो कमी दुखतो आणि तिथे हर्निया होण्याचं प्रमाणही कमी आहे. गाठीचे तुकडे करून काढणं कॅन्सरमध्ये चालत नाही. पेशी सांडता कामा नयेत आणि पॅथॉलॉजीवाल्यांना कडा तपासायला गाठ अखंड लागते.

लिव्हर म्हणजे रक्ताचा गोळा. तो कापल्यावर रक्त थांबतं कसं?

हा प्रश्न मला आवडतो, कारण सगळी मेख इथेच आहे. मोठ्या माणसाचं लिव्हर सव्वा ते दीड किलोचं. त्यातून मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त वाहतं, म्हणजे हृदय जेवढं फेकतं त्याचा साधारण चौथा हिस्सा. त्यातलं पाऊण हिस्सा रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून.

ही दोन्ही आत शिरतात तो देठ एकच आहे. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये अपघातात फाटलेल्या लिव्हरसाठी हा देठच चिमटीत धरून रक्त थांबवायची युक्ती मांडली. आजही तीच वापरतात, दुर्बिणीतूनसुद्धा. देठाभोवती एक फीत फिरवायची, तिची दोन्ही टोकं रबराच्या बारीक नळीतून ओवायची आणि नळी खाली सरकवून आवळायची. थिएटरमध्ये असताना घड्याळ माझ्याकडे असायचं. "पंधरा झाली, सर" म्हटलं की फीत सैल व्हायची. पाच मिनिटं लिव्हरला रक्त मिळू द्यायचं, त्याचा फिका पडलेला रंग परत येऊ द्यायचा, मग पुन्हा आवळायची.

आवळल्यावरही मागच्या शिरांतून, म्हणजे हृदयाकडे जाणाऱ्या शिरांतून, रक्त उलटं येऊ शकतं. म्हणून भूलतज्ज्ञ सलाइन हात राखून देतात, त्या शिरांतला दाब मुद्दाम खाली ठेवतात. दुर्बिणीत पोटात भरलेला वायूसुद्धा बाहेरून थोडा दाब देतो आणि शिरांमधून झिरपणारं रक्त कमी होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात रक्त कमी जातं याचं हे एक मोठं कारण आहे. उलट बाजूही सांगते: मोठी शीर उघडी पडली तर तोच वायू शिरेत शिरू शकतो. कार्बन डायऑक्साइड रक्तात लवकर विरघळतो म्हणून तो वापरतात, तरी भूलतज्ज्ञांची नजर मॉनिटरवर खिळलेली असते.

आणि लिव्हर सुरीने सपासप कापत नाहीत. ध्वनिलहरींवर चालणारं एक हत्यार मऊ पेशी भुगा करून ओढून घेतं आणि नळ्या-शिरा तशाच ठेवतं. पडद्यावर बघताना पिंजलेल्या कापसातून सुताचे धागे मोकळे व्हावेत तसं दिसतं. बारीक धागा जाळून बंद करायचा, जाडाला क्लिप लावायची, सर्वांत मोठ्याला स्टेपलर. एकेक धागा ओळखत जायचं असतं. म्हणून चार-पाच तास लागतात, कधी जास्त. बाहेर बसलेल्यांना ते तास जड जातात हे मी रोज बघते. पण वेळ लागतोय याचा अर्थ काही बिघडलंय असा नसतो.

पित्ताशय दुर्बिणीतून सर्रास काढतात. मग लिव्हरला इतका उशीर का?

वरच्याच कारणांमुळे. १९७० च्या दशकात पोट उघडून केलेल्या मोठ्या लिव्हर-शस्त्रक्रियांतही पाचांतला एक रुग्ण दगावत असे. फ्रान्सच्या क्लोद कुइनो यांनी १९५० च्या दशकात लिव्हरचे आठ भाग आखून दाखवले होते, प्रत्येकाची रक्तवाहिनी आणि पित्तनलिका वेगळी. तो नकाशा, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि भूलशास्त्र एकत्र आले तेव्हा कुठे हे ऑपरेशन सुरक्षित झालं. दुर्बिणीतून लिव्हरचा भाग काढल्याच्या पहिल्या नोंदी १९९१-९२ च्या आहेत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलला जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी सावध मत दिलं: पाच सेंटिमीटरपर्यंतची एकटी गाठ आणि दुसऱ्या ते सहाव्या भागात असेल तर दुर्बीण योग्य. २०१४ मध्ये जपानच्या मोरिओकाच्या बैठकीत लहान छेदनांना, म्हणजे लिव्हरचा थोडाच भाग काढण्याच्या ऑपरेशनांना, दुर्बीण ही नेहमीची पद्धत म्हणून मान्यता मिळाली, पण मोठ्या छेदनांबद्दल "अजून जपून" असाच सूर होता. २०१७ मध्ये साउदॅम्प्टनला युरोपची मार्गदर्शक तत्त्वं ठरली.

निकाल खरोखर चांगले आहेत की नुसती जाहिरात आहे?

निकाल चांगले आहेत, पण कोणाचे आणि कोणत्या रुग्णांचे हे बघूनच आकडे वाचावेत. २००९ मध्ये जगभरच्या २,८०४ रुग्णांचा आढावा आला, त्यात मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के होतं. २०१६ मध्ये नऊ हजारांहून जास्त रुग्णांचा आला, त्यात ०.४ टक्के. ऐकायला फार छान. पण हे रुग्ण बहुतांशी निवडलेले होते, आणि ऑपरेशनं करणारी केंद्रं सरावलेली होती. कुठल्याही गावातल्या कुठल्याही रुग्णाला तोच आकडा लावणं चूक आहे, आणि कोणी तुम्हाला तसा लावून दाखवला तर जरा थांबा.

मला जास्त विश्वासाचा वाटतो तो ओस्लो युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधला अभ्यास. तिथे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या लिव्हरमध्ये पसरलेल्या गाठींचे २८० रुग्ण चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटले: निम्म्यांची दुर्बिणीतून, निम्म्यांची पोट उघडून. ऑपरेशननंतरची गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात १९ टक्के, दुसऱ्या गटात ३१ टक्के. हॉस्पिटलातला मुक्काम ५३ तास आणि ९६ तास. आणि लोक ज्याला घाबरतात ते, म्हणजे "लहान भोकातून कॅन्सर नीट निघेल का", त्याचं उत्तर पाच वर्षांनी मिळालं: एका गटात ५४ टक्के जिवंत, दुसऱ्यात ५५. म्हणजे फरक नाही. मात्र हा अभ्यास लिव्हरचे छोटे भाग काढण्याचा होता.

अर्धं लिव्हर काढायचं असेल तेव्हा फायदा अरुंद होतो. युरोपातल्या १६ केंद्रांच्या अभ्यासात, ज्याचे निकाल २०२४ मध्ये आले, दुर्बिणीचे रुग्ण चार दिवसांत हिंडते-फिरते झाले, पोट उघडलेले पाच दिवसांत. गुंतागुंतीत म्हणावा असा फरक नव्हता. एक दिवस. तो रुग्णाच्या दृष्टीने मोलाचाच असतो, पण त्या एका दिवसासाठी नवख्या हातात जाण्यात अर्थ नाही.

मग सर्जनचा अनुभव किती असावा?

पॅरिसजवळच्या क्रेतेयमधल्या एका टीमने स्वतःचे १७४ रुग्ण तीन सारख्या गटांत मांडून २००९ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या ५८ जणांत दुर्बीण सोडून पोट उघडावं लागलं १५.५ टक्क्यांत, पुढच्या ५८ मध्ये १०.३ टक्क्यांत, शेवटच्या ५८ मध्ये ३.४ टक्क्यांत. हात बसायला साधारण ६० ऑपरेशनं लागतात असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वतःचे सुरुवातीचे कच्चे दिवस इतक्या उघडपणे मांडणाऱ्या टीमबद्दल मला फार आदर वाटतो. मोठ्या छेदनांबद्दल पॅरिसच्याच दुसऱ्या टीमने ४५ ते ७५ हा आकडा दिला. जाणत्यांच्या हाताखाली रीतसर शिकलेल्या पुढच्या पिढीला हा पल्ला कमी ऑपरेशनांत गाठता येतो, म्हणून तरुण सर्जन दिसला की घाबरायचं कारण नाही. तो कोणाकडे शिकला आणि आता त्याच्याबरोबर थिएटरात कोण उभं असतं, हे विचारा.

अनुभव एकट्या सर्जनचाही नसतो. वर सांगितलेलं सलाइन हात राखून देणारे भूलतज्ज्ञ, थिएटरमध्येच लिव्हरवर सोनोग्राफी करणारी व्यक्ती, स्टेपलरची कोणती कार्ट्रिज कधी लागेल हे न विचारता ओळखणारी सिस्टर, रात्री दोन वाजता ड्रेनचा, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीचा, रंग बदलला हे टिपणारा आयसीयू, आणि रक्तस्राव सुरू झालाच तर शिरेत शिरून तो बंद करू शकणारे रेडिओलॉजिस्ट. यातला एक दुवा कच्चा असेल तर बाकीच्यांचा सराव कमी पडतो.

हे सगळं डॉक्टरांना विचारायचं कसं? त्यांना राग नाही येणार?

सरळ विचारा. "सर, माझ्या वडिलांची गाठ ज्या भागात आहे, तिथलं दुर्बिणीचं ऑपरेशन तुम्ही वर्षाला साधारण किती करता? त्यांत किती वेळा पोट उघडावं लागतं? तुमच्याकडे पित्त गळण्याचं प्रमाण किती?" ज्यांचं काम नीट आहे त्यांच्याकडे हिशेब असतो आणि ते तो सांगतात. "काही काळजी करू नका, आमच्यावर सोडा" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं मत घ्या. आमच्याकडेही लोक फाइल घेऊन दुसऱ्या मताला जातात, मी स्वतः झेरॉक्स करून देते.

कोणत्या भागातली गाठ सोपी, कोणती अवघड?

डावीकडचा बाहेरचा भाग, म्हणजे दुसरा आणि तिसरा, सर्वांत सोपा. त्याला आता दुर्बीणच पहिली निवड मानतात. अवघड म्हणजे सातवा आणि आठवा, बरगड्यांच्या आत, छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली दडलेले, आणि महाशिरेला चिकटून बसलेला पहिला. गाठीची जागा, आकार, मोठ्या शिरेपासूनचं अंतर, किती भाग काढायचा आणि लिव्हरचं काम कसं आहे यांना गुण देऊन अवघडपणा मोजायची जपानी पद्धत आहे, मोरिओका ज्या प्रांतात आहे त्या इवातेच्या नावाने ती ओळखतात. दोन सेंटिमीटरची गाठ आठव्या भागात असेल तर ती तिसऱ्या भागातल्या सात सेंटिमीटरच्या गाठीपेक्षा कठीण ठरू शकते. "लहानच गाठ आहे" हे वाक्य म्हणून फसवं आहे.

मध्येच पोट उघडलं तर ऑपरेशन फसलं का?

नाही, नाही, नाही. हे मी संमतिपत्रावर सही घेण्याआधीच सांगते, कारण थिएटरबाहेर डॉक्टर येऊन "उघडावं लागलं" म्हणाले की घरच्यांचा चेहरा पडतो. चिकटलेली आतडी, गाठ दिसली त्यापेक्षा शिरेच्या जवळ निघणं, काम पुढे न सरकणं, ही कारणं असतात. अडचण ओळखून शांतपणे पोट उघडणं वेगळं आणि रक्त हाताबाहेर गेल्यावर घाईने उघडणं वेगळं. दुसऱ्यात रुग्णाला जास्त सोसावं लागतं. वेळेत थांबायचं कळणं हा अनुभवाचाच भाग आहे. लिव्हरच्या देठापाशी पित्तनलिकेत होणाऱ्या कॅन्सरसारख्या काही आजारांत तर आजही बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच पोट उघडतात, आणि ते बरोबर आहे.

सिरॉसिस असेल तर?

सिरॉसिस म्हणजे लिव्हर आतून व्रणांनी भरून कडक झालेलं. इथे दुर्बिणीचा फायदा सर्वांत जास्त जाणवतो. सिरॉसिसमध्ये रक्त पोटाच्या भिंतीतल्या शिरांमधून आडवाटेने फिरत असतं. मोठा छेद घेतला की त्या वाटा तुटतात आणि नंतर पोटात पाणी साठतं. लहान छेदांत त्या शाबूत राहतात. पण प्रत्येक सिरॉसिसवाल्याला हे ऑपरेशन झेपत नाही. बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) बघतात. प्लीहा मोठी आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील तर पोर्टल शिरेत दाब वाढलेला असण्याची शक्यता असते. तेव्हा गाठ सुईने जाळणं किंवा लिव्हर प्रत्यारोपण हे मार्ग कदाचित जास्त चांगले. "ऑपरेशनला नाही म्हणाले" म्हणजे हात वर केले, असं धरू नका.

किती लिव्हर उरलं तर माणूस जगतो? कापलेलं परत येतं का?

निरोगी लिव्हर असेल तर २० ते २५ टक्के उरलं तरी भागतं. भरपूर केमो झाली असेल तर ३० टक्के, सिरॉसिस असेल तर ४० टक्के तरी हवं. सीटीवरून हे आधीच मोजतात. कमी पडत असेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर सुईतून बंद करतात. रक्त दुसऱ्या बाजूला वळतं आणि काही आठवड्यांत ती बाजू वाढते, मग ऑपरेशन. कापलेला तुकडा तसाच्या तसा उगवत नाही, उरलेलं फुगून मोठं होतं. वाढीचा वेग पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो.

बायॉप्सी न करता थेट ऑपरेशन कसं काय?

सिरॉसिसच्या रुग्णात तीन टप्प्यांचा सीटी किंवा एमआरआय ठरावीक चित्र दाखवत असेल तर तेवढ्यावर लिव्हर कॅन्सरचं निदान होतं. सुईच्या वाटेत पेशी सांडायचा थोडा धोका असतो, म्हणून गरज नसेल तर टोचत नाहीत. आणि सोनोग्राफीत दिसलेली प्रत्येक गाठ काढायची नसते. हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, साधी पाण्याची गाठ, त्रास नसेल तर यांना बहुतेक वेळा हातही लावत नाहीत.

रोबो जास्त चांगला का?

रोबो स्वतः ऑपरेशन करत नाही, सर्जनच बाजूच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. हत्याराला मनगटासारखी वळणं असल्यामुळे आतमध्ये टाके घालणं, अडचणीच्या कोपऱ्यात काम करणं सोपं जातं. खर्च वाढतो. दुर्बिणीत सरावलेला सर्जन सोडून रोबो आहे म्हणून दुसरीकडे जाऊ नका, एवढं माझं मत.

खर्चाचं काय?

दुर्बिणीत स्टेपलर आणि एकदा वापरायच्या हत्यारांचा खर्च जास्त, मुक्काम आणि आयसीयूचा कमी. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, आणि बसत असेल तर स्टेपलर त्यात धरले आहेत का, हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी विचारून घ्या. मेडिक्लेम असेल तर आधी मंजुरी घ्या.

भरती होण्याआधी काय करावं?

तंबाखू, मिश्री, बिडी, दारू त्या दिवसापासून बंद. रोज चालणं आणि फुंकायच्या तीन चेंडूंच्या यंत्राचा सराव, कारण लिव्हरच्या ऑपरेशननंतर छातीत कफ साठतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरच सांगतील, मनाने थांबवू नका. केमो चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर साधारण चार ते सहा आठवडे थांबतात. आणि एक विनंती: काविळीचं गावठी औषध, काढा, चूर्ण, जे काही घेत असाल ते सांगा. कोणी ओरडणार नाही. काही झाडपाल्याने लिव्हरला इजा होते आणि न सांगितल्यामुळे आमचा अंदाज चुकतो.

ऑपरेशन पोटाचं, मग खांदा का दुखतो?

वायूमुळे छाती आणि पोटामधला पडदा ताणला जातो आणि त्याच्या नसेची कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत जाते. दुसऱ्या दिवशी आम्ही रुग्णाला उठवून चालवतो. "अहो, एवढं मोठं ऑपरेशन झालंय, पडू द्या ना" असं घरचे म्हणतात. पण पडून राहिलं की पायात गुठळी व्हायची भीती असते.

ड्रेनच्या पिशवीत काय बघायचं?

प्रत्येकाला ड्रेन नसतो. असेल तर पहिल्या दिवशी पाणी लालसर, मग गुलाबी, मग पिवळसर फिकट होत जातं. सरसोच्या तेलासारखं गर्द पिवळं किंवा हिरवट दिसलं तर ते पित्त असू शकतं. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधलं बिलिरुबिन रक्तातल्यापेक्षा तिप्पट किंवा जास्त असेल तर पित्त गळतंय असं धरतात. बहुतेक गळती नळी ठेवून, वाट बघून थांबते, काहींना एंडोस्कोपीतून स्टेंट लागतो. पाचव्या दिवशी आणि त्यानंतर बिलिरुबिन आणि आयएनआर वाढतच असतील तर उरलेलं लिव्हर थकलंय का, याची आम्हाला काळजी वाटते. म्हणून रोज रक्त काढतो. "किती वेळा रक्त काढता हो सिस्टर" हे ऐकून घेते, पण काढायचं सोडत नाही.

तेल-तूप बंद करायचं का?

नाही. काविळीतल्या पथ्याची सवय इथे आणू नका. वाढणाऱ्या लिव्हरला प्रथिनं लागतात: वरण, मूग, दही, पनीर, अंडी, मासे, थोडं थोडं पण दिवसातून पाच-सहा वेळा. नुसत्या उसाच्या रसावर आणि भाताच्या पेजेवर आठवडा काढलेले रुग्ण मी अशक्त होऊन परत आलेले पाहिले आहेत.

घरी गेल्यावर कशासाठी लगेच यायचं?

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणं, पोट फुगत जाणं, एका पायाची पोटरी सुजणं, धाप, काळी शौच, किंवा माणूस गुंगीत असंबद्ध बोलू लागणं. यात सकाळची वाट बघू नका. बसून करायचं काम दोन-तीन आठवड्यांत जमतं, पाण्याची कळशी, पोतं, गॅसचा सिलिंडर सहा आठवडे नको. कॅन्सर असेल तर पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी असते.

डिस्चार्जच्या कागदांबरोबर ऑपरेशन नोटची प्रत आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या. कोणता भाग काढला, देठ किती मिनिटं आवळला, कडेपासून गाठ किती दूर होती, हे सगळं त्यात असतं. आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी लिव्हरमध्ये पुन्हा येऊ शकतात आणि पुन्हा काढताही येतात. पहिलं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं असेल तर आत चिकटलेलं कमी असतं आणि दुसऱ्या वेळेला आत शिरणं सोपं जातं. तेव्हा समोर बसलेला सर्जन कदाचित दुसरा असेल, आणि त्याला सर्वांत आधी तोच कागद लागेल.